‘तथ्य आढळून आले नाही’ असं लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईत लहान मुलांना सांभाळायचं काम सरकारने ज्यांच्याकडे दिलंय ते सगळे साहेब आणि मॅडम, म्हणजे पोलीस, बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, महापालिकेचा शिक्षण विभाग आणि ह्या सगळ्यांच्या वर असलेला महिला व बालविकास विभाग.

नमस्कार.

मी हार्बर लाईनला एका एसआरए बिल्डिंगमध्ये राहते आणि घरीच शिकवणी घेते. पहिली ते सातवी, संध्याकाळी पाच ते आठ, दोन बॅच. चौदा वर्षं झाली. पोरं मला टीचर म्हणतात, त्यांच्या आया ताई म्हणतात. आजपर्यंत मी कधी कुठल्या ऑफिसला असं जाहीर पत्र लिहिलं नाही, पण मागच्या आठवड्यात तुमच्यातल्याच एका कार्यालयाचा कागद हातात पडला आणि त्यानंतर गप्प बसवेना. घरात मार खाणाऱ्या माझ्या शिकवणीतल्या एका पोरासाठी सात महिने हेलपाटे घालून, तीन अर्ज देऊन, प्रत्येक अर्जाच्या झेरॉक्सवर पोचचा शिक्का मागून घेऊन मिळालेला कागद. त्यात एकच वाक्य आहे. "सदर प्रकरणी गृहभेट दिली असता तथ्य आढळून आले नाही, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे." खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

ज्या तथ्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगते.

मुलाचं नाव, वर्ग, बिल्डिंग काही लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहायचं नसतं आणि कायदा नसता तरी लिहिलं नसतं. मारणारा घरातलाच, तो कोण तेही लिहीत नाही. गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हाची गोष्ट. पाऊस गायब, उकाडा एवढा की दोन पंखे फुल करूनही पोरं घामाने निथळत होती आणि हा एकटा लांब बाह्यांचा शर्ट घालून बसलेला, बटण मनगटापर्यंत लावलेलं. भागाकार चालू होता. मी रबर मागितला, त्याने हात पुढे केला आणि बाही वर सरकली. कोपराच्या खाली तीन आडव्या खुणा, एकसारख्या, बोटभर रुंद, दोन काळपट पडलेल्या आणि एक अजून ओली. उलथन्याची चपटी कड असते ना, बरोबर तेवढी. मी रोज सकाळ-संध्याकाळ तव्यासमोर उभी असते, तो आकार ओळखायला मला डॉक्टर लागत नाही. त्याने पटकन बाही खाली ओढली आणि म्हणाला, टीचर, भाजलं. मी काही विचारलं नाही, सगळी पोरं होती.

दोन दिवसांनी बॅच सुटल्यावर तो चटया गुंडाळायला थांबला आणि चटई गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता, सगळं सांगितलं. कधीपासून, कशावरून, त्या वेळी आई कुठे असते, सगळं. शेवटी म्हणाला की कुणाला सांगू नका, नाहीतर अजून देतील. मी म्हटलं, ज्यांचं हे काम आहे त्यांनाच सांगेन आणि ते तुझं नाव घेऊन तुझ्या घरी जाणार नाहीत. हा शब्द मी त्याला दिला होता. तो तुमच्या लोकांनी मोडला, पण त्या पोराच्या लेखी तो मीच मोडला, आणि हे मला आयुष्यभर पुरणार आहे.

आता तक्रारी सांगते, एकेक करून.

पहिली १०९८ ची. दहा नऊ आठ, पोरांना उलटे आकडे लक्षात राहतात म्हणून तो नंबर मी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवलाय. ही हेल्पलाईन ह्याच मुंबईत जन्माला आली, १९९६ साली, देवनारच्या टिसमधून, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेतून, आमच्या घरापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं लागतात तिथे. कोरोनाच्या आधी मी एकदा ह्या नंबरवर फोन केला होता, दुसऱ्या एका मुलीसाठी, तेव्हा संस्थेची ताई त्याच संध्याकाळी आली, साधा ड्रेस, खांद्याला पिशवी, कुणाला कळलंसुद्धा नाही कोण आली आणि कशासाठी आली. २०२३ मध्ये हेल्पलाईन संस्थांकडून सरकारकडे गेली, ११२ ह्या आपत्कालीन नंबरला जोडली, ठीक आहे, सरकारने जबाबदारी घेतली तर चांगलंच आहे की. पण ह्या वेळी फोन केला तर पहिला प्रश्न, तुम्ही मुलाच्या कोण लागता. दुसरा, पोलीस स्टेशन कुठलं. मूल आत्ता सुरक्षित आहे का, आज रात्री त्याला परत मार बसेल का, हे कुणी विचारलंच नाही. टीम पाठवतो म्हणाले. तीन दिवस मी पाच वाजता शिकवणीला बसायची आणि प्रत्येक बेल वाजली की दरवाजाकडे बघायची, कोणी आलं नाही. परत फोन केला तर आधीच्या कॉलचा नंबर सांगा म्हणाले, तो मला कुणी दिलाच नव्हता.

दुसरी तक्रार हद्दीची, आणि ही फक्त माझी नाही, मुंबईतला कुठलाही माणूस सांगेल. आमच्याकडे मध्ये एक नाला आहे. नाल्याच्या अलीकडे एक पोलीस स्टेशन, पलीकडे दुसरं. मी राहते अलीकडे, मुलगा राहायचा पलीकडे, सांगितलं त्याने माझ्या घरात आणि मार बसला त्याच्या घरात. ह्यावरून मला दीड दिवस दोन स्टेशनांच्या मध्ये फिरवलं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी कुठल्याही पोलीस स्टेशनला माहिती घ्यावीच लागते, झिरो एफआयआर ह्यासाठीच तर आहे. हे मी बोलले तर ड्युटीवरचे साहेब म्हणाले, बाई, हा घरगुती मॅटर आहे, एफआयआरचं काय घेऊन बसलात, आम्ही नाही का लहानपणी मार खाल्ला. एनसी, म्हणजे साधी अदखलपात्र नोंदसुद्धा लिहून घेतली नाही. साहेब, उलथनं तापवून चटका देणं हा तुमच्या लहानपणचा मार नाही हो. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ ह्याच्यासाठीच आहे, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच मुलाला क्रूरपणे वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत लिहिलंय की ज्या माणसाने मुलाला इजा केली त्याच्याबरोबर राहणारं मूल म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल. मग 'घरगुती' म्हणून ते बाजूला कसं काय पडतं? घरात मार खातंय म्हणूनच तर ते तुमच्याकडे यायला हवं.

तिसरी सगळ्यात मोठी. ही लिहिताना अजून हात थरथरतो. शेवटी पलीकडच्या स्टेशनला एकांनी माझं ऐकून घेतलं, मला बरं वाटलं, म्हटलं चला, झालं एकदाचं. ऐकून घेतलं, मुलाच्या घरच्यांचा नंबर माझ्याकडूनच घेतला आणि माझ्यासमोर, त्याच टेबलावरून, स्पीकर चालू ठेवून फोन लावला. "तुमच्या पोराला मारता म्हणून तक्रार आहे, त्या शिकवणीवाल्या बाई आल्यात इकडे, जरा येऊन जा." मी हाताने नको नको करत होते. फोन ठेवून मला म्हणाले, आता समज दिली, परत नाही करणार. मी घरी कशी पोचले मला माहीत नाही. त्या संध्याकाळी तो शिकवणीला आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आई आली, दरवाजातूनच म्हणाली की आजपासून तो येणार नाही, आणि खाली बघत, हळूच, ताई तुम्ही असं का केलंत. तिच्या डोळ्याखाली काळंनिळं होतं.

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ चा. त्यात मुलाचा जबाब कसा घ्यायचा हे किती नीट लिहिलंय बघा, मुलाच्या घरी किंवा ते सांगेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, अंगावर वर्दी नको, आईवडील किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे असं माणूस जवळ पाहिजे, रात्री पोलीस स्टेशनला ठेवायचं नाही, चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होणार नाही हेही त्यात आहे. हे सगळं आपल्या राज्याला, आपल्या शहराला माहीत आहे. मग ज्याला चटके दिले जातात, उपाशी ठेवलं जातं, बाथरूममध्ये कोंडलं जातं, त्या मुलाशी बोलताना हीच काळजी का नाही घ्यायची? त्याचं भय कमी असतं का?

चौथी, ज्या गृहभेटीवर तुमचं ते एक वाक्य उभं आहे ती गृहभेट. माझ्या पहिल्या अर्जानंतर अकरा दिवसांनी झाली. दोघं आले, गळ्यात ओळखपत्रं, वॉचमनला मोठ्याने विचारलं की अमुक रूम कुठे, मुलाच्या मारहाणीची कंप्लेंट आहे. दहा मिनिटांत सगळ्या विंगला माहीत. आत गेले, चहा घेतला, मुलाला समोर बोलावलं आणि विचारलं, बाळा, घरी कोणी मारतं का? विचारताना मारणारा माणूस त्याच सोफ्यावर बसला होता. हे मला शेजारणीने सांगितलं, तिच्या घरातून सगळं ऐकू येतं. पोरगा नाही म्हणाला. बाही वर करायला कुणी सांगितलं नाही. डॉक्टरकडे नेलं नाही. आईला वेगळं घेऊन विचारलं नाही. शाळेत जाऊन बाईंना विचारलं नाही, मला तर नाहीच. ह्याला तुम्ही चौकशी म्हणता आणि खाली लिहिता तथ्य आढळून आले नाही. कायद्यात सामाजिक तपासणी अहवालाला पंधरा दिवस दिलेत, समितीच्या अंतिम आदेशापर्यंत चार महिने दिलेत, ते काय चहा पिऊन परत यायला दिलेत का?

पाचवी, फाईल. गणपतीनंतर त्या लोकांनी भाड्याची रूम खाली केली. कोणी म्हणतं नालासोपाऱ्याला गेले, कोणी म्हणतं कल्याणच्या पुढे. मी परत अर्ज दिला की मुलगा हलवलाय, नवीन जिल्ह्याला कळवा. तर उत्तर, आता ते आमच्या अखत्यारीत नाही, तिथल्या लोकांनी तक्रार करायला पाहिजे. तिथे कोण करणार, तिथे त्याला कोण ओळखतंय? मुंबईत भाड्याने राहणारी माणसं अकरा महिन्यांनी घर बदलतात, मुंबई उपनगरातून ठाण्यात जातात, ठाण्यातून पालघरमध्ये. मारणारा माणूस बरोबर जातो आणि तक्रार इथे राहते. खरं तर शोधायला काही अवघड नाही. मुलांची नोंद शाळेच्या सरल पोर्टलवर असते, नवीन शाळेने दाखला मागितला की जुन्या शाळेला कळतंच. आणि कुणीच दाखला मागितला नाही तर त्याचा अर्थ पोरगा शाळेतच जात नाहीये, म्हणजे अजूनच काळजी. एका ऑफिसने दुसऱ्या ऑफिसला विचारायचं आहे फक्त.

शाळेबद्दल थोडक्यात. बाईंना मी भेटले होते, त्यांनाही खुणा दिसल्या होत्या, पण म्हणाल्या आम्हाला ह्यात पाडू नका, उद्या पालक वर्गात येऊन भांडतात आणि वरून कोणी पाठीशी उभं राहत नाही. मला राग आला होता. आता माझ्यावरच तीच वेळ आलीय तर त्यांच्यावर कसा काढू. बिल्डिंगमध्ये बोभाटा झाला की ही बाई पोलीस आणते, सात पोरं कमी झाली, सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं की रेसिडेन्शियल रूममध्ये क्लासची परमिशन आहे का. ते मी निभावून नेईन, त्यासाठी हे पत्र नाही. पण ज्या दिवशी माझं नाव फुटलं त्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगमधला दुसरा कुठलाही माणूस १०९८ लावणार नाही हे मी तुम्हाला लिहून देते.

आणि हे आमच्याच नाल्यापुरतं नाही हो. जून २०२२ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तांनीच परिपत्रक काढलं होतं की पॉक्सोचा आणि विनयभंगाचा गुन्हा एसीपींच्या शिफारशीनंतर डीसीपींची परवानगी असेल तरच नोंदवायचा, का तर खोट्या तक्रारी होतात. त्यावर एवढी टीका झाली की ते मागे घ्यावं लागलं, पण कागद मागे घेतला तरी ती सवय मागे घेतली का? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेत अत्याचार झालेल्या चार वर्षांच्या दोन मुलींच्या घरच्यांना तक्रार नोंदवायला कित्येक तास ताटकळत ठेवलं, शेवटी लोक रुळांवर उतरले, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. मग शाळाशाळांत सीसीटीव्ही लावा, तक्रारपेटी ठेवा, सखी सावित्री समिती करा असे आदेश निघाले. लावा, जरूर लावा. पण बदलापूरला दुसरं काय कमी पडलं होतं? समोर येऊन सांगणाऱ्याचं वेळेत ऐकून घेणारा माणूस कमी पडला होता. तो अजून कमीच आहे.

प्रभागाप्रभागात बाल संरक्षण समिती असायला पाहिजे, नगरसेवक, अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक, पोलीस असे सगळे तिच्यात. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते. आता आलेत. आमच्या प्रभागात ही समिती कधी बसलेली मी तरी ऐकली नाही, अंगणवाडीच्या ताईंना विचारलं तर त्यांनाही नक्की सांगता येईना.

एक मात्र खरं ते सांगते. सगळे वाईट भेटले असं नाही. त्याच पोलीस स्टेशनला एक महिला शिपाई होत्या, त्यांनी मला बाहेर चहाच्या टपरीवर नेऊन सांगितलं की ताई, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, समितीला थेट द्या, आमच्या भरवशावर बसू नका. त्यांच्यामुळेच आज माझ्याकडे कागद आहेत. बाल संरक्षण कक्षातली पोरं-पोरी बहुतेक कंत्राटावर, एकेकाच्या टेबलावर फायलींचे ढीग, हे मी बघितलंय. त्यांच्यावर मी राग काढत नाही. पण ज्यांनी एवढ्या मोठ्या उपनगराला इतकीच माणसं दिली त्यांना मी विचारणारच.

आणि कृपा करून असं समजू नका की मी म्हणतेय पोराला उचलून संस्थेत टाका. आमच्याकडे अजूनही आया पोरांना धाक दाखवतात, ऐकलं नाहीस तर डोंगरीला टाकीन, म्हणजे तिथल्या रिमांड होममध्ये. मुलं ह्याच भीतीने तोंड उघडत नाहीत, आणि आयाही. कायदासुद्धा म्हणतो की संस्था हा शेवटचा पर्याय. त्या आईला कोणीतरी शांतपणे भेटलं असतं, तिच्याही डोळ्याखालचं विचारलं असतं, मामा-मावशी-आजी कोण आहे का बघितलं असतं, दर पंधरा दिवसांनी कुणी येऊन गेलं असतं आणि मारणाऱ्याला कळलं असतं की आपल्यावर नजर आहे, तर कदाचित तेवढ्याने भागलं असतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

तक्रार करणाऱ्याचं नाव घरच्यांना, सोसायटीला, शाळेला, कुणालाही सांगायचं नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर कारवाई करा. ह्याचा लेखी आदेश काढा आणि प्रत्येक पोलीस स्टेशनला लावा.

१०९८ ला फोन केला की कॉलचा नंबर मेसेजवर मिळाला पाहिजे, आणि चोवीस तासांत मुलाला प्रत्यक्ष कोणी बघितलं की नाही एवढं हो किंवा नाहीमध्ये कळलं पाहिजे.

मुलाला आरोप असलेल्या माणसासमोर विचारायचं नाही. शाळेत, अंगणवाडीत, दवाखान्यात, जिथे तो मोकळा बोलेल तिथे, साध्या कपड्यांत, आधी न सांगता जाऊन विचारा. अंगावर खुणा असल्याची तक्रार असेल तर डॉक्टरी तपासणी झाल्याशिवाय 'तथ्य नाही' हे शब्द लिहायला बंदी करा.

प्रत्येक पोलीस स्टेशनला बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो असं कायदा म्हणतो, कलम १०७. त्याचं नाव आणि नंबर दर्शनी भागात मोठ्या अक्षरात लावा. दोन स्टेशनांत दीड दिवस काढला तरी मला हा माणूस कोण आहे ते कळलं नव्हतं.

मूल दुसऱ्या जिल्ह्यात गेलं तर फाईल त्याच्या मागे जायलाच पाहिजे, सात दिवसांत, आणि तिकडून मिळाल्याची पोच आली पाहिजे. आणि प्रभाग समित्यांच्या बैठका कधी झाल्या ह्याच्या तारखा वॉर्ड ऑफिसबाहेर लावा.

शेवटची मागणी फक्त त्या एका फाईलची. जावक क्रमांक तुमच्याकडे आहे, मी इथे देत नाही. ते प्रकरण परत उघडा. त्याची जुनी शाळा तुम्हाला माहीत आहे, दाखला कुठे गेला ते एका दिवसात कळेल. मला त्याचा पत्ता नको, नवीन शाळेचं नाव नको, तो माझ्याशी बोलावा अशीही माझी अपेक्षा नाही. फक्त कोणीतरी जाऊन त्याची बाही वर करून बघा, आणि बघितलं एवढं मला लेखी कळवा. मी रोज पाच ते आठ घरीच असते. याल तेव्हा वर्दीत येऊ नका, पोरं बसलेली असतात.

आपली,
हार्बर लाईनची एक शिकवणीवाली टीचर
मुंबई